‘पगार नियमानुसार’ म्हणजे नेमका किती?

ऊर्जानगर-दुर्गापूर भागात कंत्राटी कामाच्या जाहिराती मोबाईलवर फिरतात. पगारापुढे अनेकदा ‘नियमानुसार’ एवढेच. खरा आकडा कळतो तो महिनाभर राबल्यावर. त्यामुळे होकार देण्याआधीच विचारा, नेमणूक कुशल, अर्धकुशल की अकुशल? आयटीआय झालेल्याला कागदावर अकुशल दाखवले की किमान वेतनाचा दरच घसरतो. त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून जुना आकडा चालवून घेऊ नका. ‘हातात’ किती, हेही विचारा. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचा वाटा साधारण १२ टक्के. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही. सांगितलेल्या आकड्यात तो मिसळलाय का, ते बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र बंधनकारक केले. जाहिरातीत पगार छापण्याची सक्ती मात्र त्यांतही नाही.