किनाऱ्यानंतरचं वादळ

२८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री ‘मोंथा’ चक्रीवादळ आंध्रात काकीनाड्याच्या दक्षिणेला नरसापूरजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि मथळे तिथेच थांबले. वाऱ्याचा वेग, रद्द झालेल्या गाड्या, हलवलेली गावं, हे सगळं वाचकांनी वाचलेलं आहे. पण छत्तीसगडात ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, धान कापून पडलं होतं, त्याच्यासाठी वादळ तेव्हा कुठे सुरू होत होतं.

बातमीतलं वादळ किनाऱ्यावर संपतं. खरं वादळ त्यानंतर एक-दोन दिवस जगतं, कधी त्याहूनही जास्त. आंध्र आणि दक्षिण ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलेल्या कित्येक वादळांचे हे शेवटचे दिवस बस्तर, तेलंगणा नाहीतर पूर्व विदर्भावर जातात. अशा वादळाचं सगळं आयुष्य एका सरळ रेषेत पाहायचं असेल, तर २०१४ सालच्या ‘हुदहुद’सारखं उदाहरण सापडणार नाही. ते अंदमानच्या समुद्रात जन्मलं, विशाखापट्टणमवर चढलं, छत्तीसगडावरून गेलं आणि त्याचा शेवटचा ओलावा हिमालयात बर्फ होऊन पडला.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी अंदमान समुद्राच्या उत्तर भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. अशी क्षेत्रं वर्षभरात पुष्कळ तयार होतात आणि बहुतेक विरून जातात. ज्याला पुढे जगायचं असतं, त्याला बऱ्याच गोष्टी एका वेळी मिळाव्या लागतात. समुद्राचं पाणी निदान साडेसव्वीस अंश सेल्सियस हवं आणि ती ऊब नुसती पृष्ठभागावर नव्हे, तर पन्नासेक मीटर खोलपर्यंत हवी. हवा वरपर्यंत दमट हवी. खालचा वारा आणि उंचावरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत फार फरक नको, नाहीतर ढगांचा मनोरा उभा राहण्याआधीच कलंडतो. शिवाय विषुववृत्तापासून चार-पाच अंश तरी दूर असायला हवं, कारण पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारा वळसा त्याच्या आत फारच क्षीण असतो. हुदहुदला हे सगळं मिळालं. ७ तारखेला त्याचं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झालं. ८ तारखेच्या सकाळी अंदमानातल्या लाँग आयलंडजवळून जाताना ते चक्रीवादळ झालं आणि ओमानने सुचवलेलं पक्ष्याचं नाव त्याला मिळालं.

पुढचे चार दिवस त्याने उघड्या समुद्रावर काढले. चक्रीवादळाचं तारुण्य म्हणजे हेच दिवस. त्याला ताकद कुठून मिळते हे आपल्या घरातला माठ सांगतो. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना सोबत उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. समुद्रावरून उठणारी वाफ अशीच उष्णता घेऊन वर जाते. आठ-दहा किलोमीटर उंचीपर्यंत जाताना ती निवते, पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता तिथल्या हवेला परत देते. तापलेली हवा आणखी वर चढते, खालचा दाब आणखी कमी होतो, भोवतालची दमट हवा आणखी जोराने आत धावते. हे चक्र स्वतःलाच पोसत राहतं. ९ तारखेला हुदहुद तीव्र चक्रीवादळ झालं, १० तारखेला अतितीव्र. मधोमध डोळा उघडला. तिथे वारा जवळजवळ नसतो, आणि त्याच्याभोवती ढगांची भिंत असते जिथे सगळा कहर असतो. शिखरावर असताना त्याच्या केंद्रातला दाब ९५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता आणि वारा ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास होता.

इथे एक गोष्ट छत्तीसगडच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. वादळ समुद्रावरून जाताना पाणी घुसळतं. खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचा स्वतःचाच शिधा कमी होतो. बऱ्याच समुद्रांत वादळाला आवर घालणारी ही मोठी शक्ती आहे. बंगालच्या उपसागरात मात्र पावसाळा सरल्यावर वेगळी परिस्थिती असते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी आणि महानदी यांनी चार महिने ओतलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थर करून राहतं. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते सहज खाली मिसळत नाही. त्याच्या आडोशाने ऊब टिकते आणि कितीही घुसळलं तरी गार पाणी पटकन वर येत नाही. महानदीचा उगम धमतरी जिल्ह्यातल्या सिहाव्याचा. गंगा-ब्रह्मपुत्रेपुढे तिचा वाटा लहान, पण तो आहे. श्रावणात आपल्या शेतांवरून वाहून गेलेलं पाणी ऑक्टोबरात समुद्रावर साय धरून बसतं, आणि त्या सायीवरून चालत आलेलं वादळ आपल्याच शेतांवर येऊन रिकामं होतं. समुद्रापासून आपण दूर आहोत असं रायपूरकरांनी यापुढे म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

वादळ गोल फिरतं हे आज शाळकरी मुलालाही उपग्रहाच्या चित्रामुळे ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकात ते ठरवायला काय करावं लागलं, हे मात्र हेन्री पिडिंग्टन या माणसाकडून शिकावं. तो जहाजावरचा माणूस, पुढे कलकत्त्यात स्थायिक झाला आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्ष झाला. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याने गोळा केल्या. अमुक तासाला या जहाजावर वारा ईशान्येचा, त्याच तासाला त्या जहाजावर नैर्ऋत्येचा, अशा नोंदी नकाशावर मांडता मांडता वादळाचं वेटोळं त्याच्यासमोर उभं राहिलं. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने त्या वेटोळ्याला ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव दिलं. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ त्यात आहे. पुस्तकाबरोबर शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या. नकाशावर चकती ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची आणि वादळाचं केंद्र कुठे आहे ते ओळखून जहाज तिथून काढायचं.

पिडिंग्टनने ज्या वादळांचा अभ्यास केला त्यांत कोरिंगाची वादळं होती. १७८९ आणि १८३९ अशी दोनदा या बंदराची धूळधाण झाली. कोरिंगा काकीनाड्याला लागूनच आहे, म्हणजे मोंथा आलं त्याच टापूत. ज्या किनाऱ्याच्या दुःखातून ‘सायक्लोन’ हा शब्द घडायला मदत झाली, त्याच किनाऱ्याच्या बातम्या आपण मोंथाच्या वेळी वाचल्या.

मला पिडिंग्टन मोठा वाटतो तो आणखी एका कारणासाठी. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला जाहीर पत्र लिहून सांगितलं, की बंगालमधल्या मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, वादळाच्या लाटेत ते बुडेल. बंदर बांधलं गेलंच. ते पोर्ट कॅनिंग. १८५८ साली पिडिंग्टन वारला आणि १८६७ च्या वादळाने बंदराची वाताहत झाली. इशारा अचूक असणं आणि तो ऐकला जाणं यांत केवढं अंतर असतं, याचा दाखला यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार?

किनाऱ्यापुरतं हे अंतर आपण पुष्कळ कमी केलं, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास माणसं नेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपालपूरवर ‘फायलिन’ आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. बरोबर एक वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ च्या दुपारी, हुदहुद विशाखापट्टणम शहरावर चढलं.

तिथून त्याचं म्हातारपण सुरू झालं. जमिनीवर येताच वादळाचं उबदार समुद्राशी नातं तुटतं. झाडं, घरं, डोंगर वाऱ्याला अडवतात. पूर्व घाट तर त्याला थेट कापतो. संध्याकाळपर्यंत हुदहुद तीव्र चक्रीवादळावर उतरलं, मध्यरात्री साधं चक्रीवादळ, १३ तारखेच्या पहाटे तीव्र डिप्रेशन, त्याच संध्याकाळी डिप्रेशन. एका दिवसात तो भीषण वारा गेला. पण वाऱ्याचा वेग आणि पोटातलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेकडो किलोमीटर पसरलेल्या त्या भोवऱ्यात समुद्रावरून आणलेली वाफ तशीच होती, आणि ती वाटेत छत्तीसगडावर पाऊस पाडत उत्तरेला सरकली. १४ तारखेला पूर्व उत्तर प्रदेशावर भोवरा विरत असताना तो ओलावा पश्चिमेकडून आलेल्या गार वाऱ्यांच्या पट्ट्यात सापडला आणि नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास, प्रचंड बर्फ कोसळला. गिर्यारोहक, वाटाडे, याकपालक मिळून चाळीसहून अधिक माणसं त्या बर्फवादळात आणि हिमकड्यांखाली गेली. अंदमानात उठलेल्या वादळाचे बळी हिमालयात पडले. किनाऱ्यावर इतकी तयारी होती. त्या खिंडीतल्या माणसांपर्यंत मात्र इशारा पोचला नाही.

आपल्याकडे हिमकडे नाहीत, पण कापणीचा हंगाम आहे. ऑक्टोबरच्या शेवटी धान पिकून उभं असतं किंवा कापून बांधीतच पसरलेलं असतं. त्या पसरलेल्या धानाला छत्तीसगडी शेतकरी करपा म्हणतो आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचा मराठी शेतकरी कडपा म्हणतो. उभ्या धानाला वारा आडवं पाडतो. कडपा दोन दिवस पाण्यात राहिल्या की लोंबीला कोंब फुटतात आणि दाणा काळवंडतो. २०२५ साली छत्तीसगडच्या सरकारी खरेदीत धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये मिळत होते; तेच धान ओलं झालं की केंद्रावरून परत येतं. ही हानी ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याने होत नाही, ‘वादळ ओसरलं’ हे ऐकल्यानंतरच्या शांत, संथ पावसाने होते.

म्हणून ‘वादळ कमजोर झालं’ या वाक्याबद्दल माझी तक्रार आहे. हवामान खात्याची पत्रकं भोवरा विरेपर्यंत निघत राहतात, जिल्हावार पावसाचे इशारेही असतात. पण ते गावापर्यंत उतरताना वाटेत कुठेतरी गळतात, कारण वादळ संपलं असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. वर्तमानपत्रवाल्यांनी त्यात मोठी भर घातली आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला चार दिवस आधी घाटाला लागायला सांगणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. तशीच कोंडागावच्या, कांकेरच्या, गोंदियाच्या शेतकऱ्याला ‘आणखी तीन दिवस कापू नका, कापलं असेल तर उचला’ एवढं वेळेवर सांगायला काय हरकत आहे? कोतवालाच्या दवंडीनेही ते होईल आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही होईल.

वर्षाचा वादळी हंगाम ऑक्टोबरात सरत नाही. नोव्हेंबर हा उपसागराचा नेहमीचा तापट महिना, आणि डिसेंबरातही वादळं येतात. पुढचं नाव कानावर येईल तेव्हा ते किनाऱ्यावर कधी धडकणार एवढंच विचारून थांबू नका. तिथून ते कोणत्या वाटेने येणार आणि किती पाणी घेऊन येणार, हेही विचारा. आणि ज्याचं धान बांधीत आहे, त्याला त्या दिवशी एक फोन जरूर करा.