बालकांची शस्त्रक्रिया आणि यंत्राचे हात

गेल्या काही वर्षांत पांढुर्णा-सौंसर भागातील दुकानांतून, कापसाच्या व संत्र्यांच्या भावाची चर्चा चालू असताना, 'रोबोटची शस्त्रक्रिया' हा नवा शब्द कानी पडू लागला आहे. कोणाच्या गुडघ्याची, कोणाच्या पित्ताशयाची हकीकत नागपुराहून येते आणि सारे कौतुकाने ऐकतात. परंतु आजारी जेव्हा आपलेच पाच-सहा वर्षांचे लेकरू असते, तेव्हा कौतुकाची जागा काळजी घेते. म्हणून या विषयाचा थोडा विचार सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगास मिळाला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठ. हे यंत्रही वेठीच्या गड्यासारखेच आहे. ते आपल्या बुद्धीने काही करीत नाही. शल्यविशारद रुग्णापासून थोड्या अंतरावर बसतो. पोटाच्या आतील भाग त्यास सुमारे दहापट मोठा आणि खोलीसह दिसतो. त्याची बोटे हलतात तशी यंत्राच्या हातांतील बारीक हत्यारे आत हलतात, मनगटाप्रमाणे वळतात. हाताचा कंप तेवढा गाळला जातो. दुसरा डॉक्टर व भूलतज्ज्ञ रुग्णाजवळच असतात. हात यंत्राचे असले तरी विद्या माणसाचीच.

लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया करण्याची ही वाट आपल्याकडे अगदीच नवी नव्हे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढून भारतात या पद्धतीचा पाया घातला. २००० साली अमेरिकेत 'दा विंची' यंत्रास मान्यता मिळाली. पुढे गुरुग्राम येथे 'एसएसआय मंत्र' हे भारतीय यंत्रही तयार झाले. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ सालचे, एका व्यापारी घराण्याच्या दानातून उभे राहिलेले. तेथे २०२५ साली खास बालकांसाठी अशा शस्त्रक्रियेचा विभाग सुरू झाला.

मुलांच्या बाबतीत या यंत्राचा उपयोग विशेषतः मूत्रपिंडाच्या एका विकारात होतो. मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी जेथे निघते, तेथे काही बालकांस जन्मतःच अरुंदपणा असतो. बागेतील पाटाचे तोंड बुजले म्हणजे पाणी मागे तुंबते, तसे मूत्र तुंबून मूत्रपिंड फुगते. गर्भावस्थेत सोनोग्राफीत दिसणारी अशी सूज पुष्कळदा आपोआप ओसरते. तेथे केवळ नियमित तपासणी पुरे. परंतु ती वाढत गेली, तर अरुंद भाग काढून दोन टोके सूक्ष्म धाग्याने पुन्हा जोडावी लागतात. अँडरसन व हाइन्स यांनी १९४९ साली वर्णिलेली हीच कृती आजही यंत्राच्या साहाय्याने केली जाते.

आता व्यापाऱ्याच्या रीतीने जमाखर्च मांडू. जमेस धरावयाचे ते हे: छेद लहान, वेदना कमी, घरी परतणे बहुधा लवकर, आणि अरुंद जागेत टाके घालणे डॉक्टरास सुलभ. नावे पडते ते असे: खर्च अधिक, हत्यारे मुख्यतः प्रौढांच्या मापाची, म्हणून काही महिन्यांच्या अर्भकाच्या इवल्या पोटात ती चालविणे कठीण, आणि बहुतेक यंत्रांत हाताला होणारा स्पर्शबोध नाही. शिवाय निष्णात हातांनी जुन्या पद्धतीने केलेली हीच शस्त्रक्रिया दहांपैकी नऊहून अधिक मुलांत यशस्वी होते, हे विसरून चालणार नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची गोष्ट येथे सांगतो. सहा वर्षांच्या मुलास वारंवार पोटदुखी व ओकारी होई. कधी जंत, कधी उष्णता म्हणून घरगुती उपाय झाले. अखेर सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगल्याचे दिसले. एका आप्ताने सुचविले की, रोबोटखेरीज इलाज करूच नये. चौकशीत आणि पैशांच्या जुळवाजुळवीत दोन महिने गेले. मधल्या काळात मूत्रात जंतुसंसर्ग होऊन ताप चढला. शेवटी नागपुरातील एका अनुभवी बालशल्यविशारदांनी लहानशा छेदातून साध्या पद्धतीनेच शस्त्रक्रिया केली. मुलगा आज शाळेत जातो. वडील मात्र अजून हळहळतात की, यंत्राची चौकशी दोन महिने केली, पण डॉक्टरांची दोन दिवसही केली नाही.

माल घेताना आपण पारख करतो, तशीच येथेही करावी. या वयाच्या किती मुलांवर आपण ही शस्त्रक्रिया केली? त्यांपैकी यंत्राने किती? यंत्र अपुरे पडले, तर त्याच वेळी उघडी शस्त्रक्रिया करण्याची तयारी आहे काय? मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेला तज्ज्ञ आहे काय? एकूण खर्च किती? हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. चांगला डॉक्टर त्यांचा राग मानीत नाही.

पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, तरी बालशल्यविशारदासाठी आपणांस बहुधा नागपूरच गाठावे लागते. आपल्या दुकानांतील हमाल व नोकर, तसेच बाजारात येणारा शेतकरी, यांना ही वाट अधिकच लांब पडते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचारांची सोय आहे; ही माहिती त्यांस देणे आपल्याला अवघड नाही. नागपुरात अशा मुलांच्या आईवडिलांसाठी उतरण्याची एखादी खोली आणि वेळेवर रक्तदाते एवढे जरी संस्थेने सिद्ध ठेवले, तरी पुष्कळ होईल. येत्या वार्षिक सभेत याचा विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे. यंत्र विकत घेणे आपल्या आवाक्यातले नाही. लेकरू वेळेवर योग्य हातांत पोहोचविणे मात्र आहे.