पत्त्यांचा डाव आणि गाठची पुंजी

इंद्रलोकातल्या मंडळींना पत्ते नवे नाहीत. भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून मांडलेला डाव आपण पाहिलाच आहे. तेथे हारजीत बहुधा चहापुरती. पैसा लागला की मात्र हाती पत्ते कोणते आले यापेक्षा गाठीला किती आहे आणि त्यातले किती लावावे, हा हिशेब मोठा होतो. पोकरचे जाणते खेळाडू ही पुंजी घरखर्चापासून निराळी काढतात, ती याचसाठी.

किती लावावे, याचे उत्तर १९५६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन केली यांनी गणिताने दिले. समजा, १०० पैकी ५५ डाव आपण जिंकतो आणि लावू तितकेच मिळते. मग भरपूर लावावे, असे वाटेल. पण पुंजी सर्वांत वेगाने वाढते ती दहावा हिस्सा लावल्याने. १००० असतील तर १००. हरून ९०० उरले, तर पुढे ९०. पाचवा हिस्सा लावला की वाढ जवळजवळ शून्यावर येते, आणि त्याहून अधिक लावले तर पारडे आपले असूनही पुंजी आटते. कारण १०० चे ५० झाले, तर पुन्हा १०० होण्यास उरलेल्याची दुप्पट करावी लागते. हरणारा चिडून रक्कम वाढवतो, तो नेमका या खड्ड्यात उतरतो.

पण पारडेच आपले नसेल तर? १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत सुरू केलेला मटका घ्या. एक आकडा दहांत सुमारे एकदा लागणार आणि रुपयाला नऊ मिळणार. म्हणजे रुपयामागे दहा पैसे गेलेच. येथे केलींचे उत्तर शून्य. बेताने लावणारा फक्त सावकाश बुडतो.

पोकरमध्ये समोरच्याहून सरस खेळता येते खरे, परंतु कॅसिनो डावातून आपला हिस्सा काढतो. तोही भरून निघावा इतके सरस असावे लागते. नलराजाने राज्य हरल्यावर ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली आणि मगच पुष्कराला पुन्हा डावाला बसवले. (२०२५ च्या केंद्रीय कायद्याने फोनवरील पैशाच्या खेळांना बंदी केली, त्यात पोकरही आले.)

आपण सरस आहोत हे कळावे कसे? प्रत्येक बैठकीला आणलेली व नेलेली रक्कम वहीत मांडून. शेकडो डावांची अशी वही ज्याच्यापाशी नाही, त्याने ५५ चा आकडा कोठून आणला, असे आम्ही विचारू.