मधुमेही रात्री उठून गोड का खातो?

मधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढणे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण इन्सुलिन घेणाऱ्याची साखर प्रमाणाबाहेर उतरतेही, आणि पुष्कळदा सारे घर झोपलेले असताना उतरते, याची कल्पना फार थोड्या घरांत असते.

माझ्याकडे साठी उलटलेले एक शेतकरी येतात. एकदा त्यांच्या सुनेने तक्रार केली, ‘‘डॉक्टर, आबांना जरा सांगा. मध्यरात्री उठून लाडवांचा डबा उघडतात, आणि सकाळी साखर अडीचशे येते.’’ आबा मान खाली घालून बसले होते. घरात त्यांच्या खादाडपणाची थट्टा होत असावी. चार प्रश्न विचारल्यावर कळले, की त्यांना जाग येते तेव्हा बनियन घामाने भिजलेले असते, हात थरथरत असतात आणि पोटात खड्डा पडलेला असतो. डबा उघडण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहा, असे मी तीन रात्रींसाठी सांगितले. दोन रात्री ती ६०च्या खाली निघाली. याला खादाडपणा कसे म्हणायचे? उपाशी मेंदू साखर मागत होता. सकाळचे अडीचशे हे त्या लाडवांचे होते.

साखर ७०च्या खाली गेली की ती कमी समजावी. ५४च्या खाली गेली तर धोका मोठा. आपल्याकडे पुष्कळांना ३०/७० हे मिश्र इन्सुलिन दिले जाते. त्यातला ७० टक्के भाग सावकाश काम करतो आणि टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तास त्याचा जोर असतो. म्हणजे रात्री आठला टोचले, तर खरा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. तोवर जेवण पचून गेलेले असते. त्यात दिवसभर कापूस वेचला, पोती उचलली, तर थकलेले स्नायू रात्रीही रक्तातली साखर ओढत राहतात. दारू घेतलेल्या रात्री यकृत साखर सोडायला कुचराई करते. मूत्रपिंडे अधू असली तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळते. उपासाच्या दिवशी नेहमीएवढेच इन्सुलिन घेणारेही मी पाहतो. उपास करायचाच असेल तर डोस आदल्या दिवशी विचारून घ्यावा. मनानेच इन्सुलिन बंद करणेही तितकेच घातक आहे.

सगळ्यांनाच जाग येते असे नाही. झोपेत बरळणे, वाईट स्वप्ने, ओली उशी, सकाळी जड डोके, एवढीच खूण मिळते. म्हणून हे शेजारी झोपणाऱ्याला माहीत हवे. साखर फार उतरली तर झटकेही येतात. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, आणि मोलाचा वेळ जातो.

मग रोज झोपताना काही खावेच का? पूर्वी तसे सरसकट सांगत असत. आता मी म्हणतो, झोपण्यापूर्वी साखर पाहा. १००च्या खाली असेल किंवा दिवसभर अंगमेहनत झाली असेल, तर कपभर दूध आणि अर्धी भाकरी खावी. दीडशेच्या वर असेल तर बहुतेकांना गरज नसते. उगाच खाल्ल्याने वजन तेवढे वाढते. ग्लार्जिनसारख्या नव्या, सपाट चालणाऱ्या इन्सुलिनवर सहसा रात्रीचे खाणे लागत नाही. रोज खाल्ल्याशिवाय रात्र निभत नसेल, तर इन्सुलिनचा डोस किंवा वेळ बदलायला हवी. आबांचा रात्रीचा डोस मी कमी केला. लाडू आपोआप थांबले, थट्टाही थांबली असावी.

सकाळची साखर जास्त दिसली म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने रात्रीचे चार युनिट वाढवू नका. इन्सुलिन कमी पडले असेल, पहाटेच्या संप्रेरकांमुळे साखर चढली असेल, नाहीतर रात्रीचा डबा असेल. पहाटे तीनला मोजल्याखेरीज ते कळत नाही.

साखर उतरलीच तर तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून प्यावी. लाडू, पेढा नको; त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजची पूडच हवी. ती उशाशी ठेवावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, ७०च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. बरे वाटल्यावर थोडी भाकरी किंवा दूध घेऊन मगच झोपावे.

माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा, मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या, आणि दारातच सांगा, ‘‘हे इन्सुलिन घेतात.’’