ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी कॅबिनेट उघडा!

परीक्षा संपली, की चिरंजीव हट्ट धरतात, "बाबा, आपला कॉम्प्युटर फार रखडतो. ग्राफिक्स कार्ड घ्या ना!" बाबा पाकीट चाचपतात. पण दुकान गाठण्यापूर्वी कॅबिनेटचे झाकण उघडून पाहावे.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. ऑफिसांतून निघालेल्या आटोपशीर मशीनमध्ये ती बहुधा नसतेच, शिवाय मोठे कार्ड आत मावतही नाही! मग कार्डापाठोपाठ पॉवर सप्लाय, त्यापाठोपाठ कॅबिनेट... जादा वायर न मागणारे जीटीएक्स १६५० मिळते. मात्र त्याचे काही प्रकार वायर मागतात, तेव्हा विचारूनच घ्यावे.

खरे तर गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचे नसेल, तर कार्ड हवेच कशाला? मशीन बहुतेकदा रखडते ते जुन्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी साटा एसएसडी बसवा, रॅम ४ जीबीची ८ करा. सुरू व्हायला मिनिटे घेणारा कॉम्प्युटर काही सेकंदांत हजर!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीच्या मशीनला कितीही महागडे कार्ड लावले, तरी ही अट पुरी होत नाही.