गाडीच्या पट्टीला विनाइल लावताना : एक कार्यानुभव पाठ



कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुलं, तोरणं, मातीकाम घेतो. आज जरा वेगळा विषय घेऊन आले आहे. गाडीच्या आतल्या, ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर विनाइल फिल्म घरच्या घरी कशी लावायची, ती का चिकटते आणि का सुटते, हे आपण पाहणार आहोत. यात मापन आहे, क्षेत्रफळ आहे, उष्णता आहे, पदार्थांचे गुणधर्म आहेत. माझी एक चूकही आहे, ती ओघात सांगेनच.

माझी गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. डॅशबोर्डवरची आणि दारांवरची चंदेरी पट्टी नखांनी, चाव्यांनी पार खरवडून गेली होती. नवीन पट्ट्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून फेब्रुवारीत एका संध्याकाळी घरीच विनाइल लावलं. छान दिसलं. पण गुढीपाडवा येईपर्यंत सगळ्या कडा वाळलेल्या पानासारख्या वर वळल्या.

सकाळची शाळा सुरू होती. गाडी लिंबाखाली उभी होती. सातवीतला एक मुलगा खिडकीतून आत बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही ताणून लावलंय. ताणलं की ते माघारी येतंय. आधी सैल सोडायचं, मग गरम करून बसवायचं." त्याच्या वडिलांचं तालुक्याला रेडियमचं दुकान आहे. हा मुलगा वर्गात दोन ओळी लिहायला अर्धा तास घेतो. मला मात्र त्याने एका वाक्यात अख्खा धडा शिकवला.

विनाइल म्हणजे काय?

आपल्याकडे गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही फिल्मला लोक 'रेडियम' म्हणतात. खरं तर त्यात रेडियम हे मूलद्रव्य नसतं. रात्री उजेड पडल्यावर चमकणाऱ्या पट्टीत काचेचे अगदी बारीक मणी किंवा लोलक असतात, ते प्रकाश परत फेकतात. साधी रंगीत फिल्म तर चमकतही नाही. ती असते पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. आपल्या नळाचा पाइपही पीव्हीसीचाच.

मग पाइप कडक आणि फिल्म मऊ, असं का? १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना उन्हात राहिलेल्या बाटलीत पीव्हीसीचा पांढरा घन पदार्थ दिसला. तो कडक आणि ठिसूळ होता, त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सीमन रबर धातूला चिकटवण्यासाठी पदार्थ शोधत होते. त्यांना पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती सापडली. मऊ करणारा द्रव मिसळला की पीव्हीसीच्या लांब साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. शोधत होते चिकटवण्याचं साधन आणि हाती लागलं लवचीक प्लॅस्टिक!

फिल्म दोन प्रकारे बनते. पहिल्या प्रकारात गरम पीव्हीसी रुळांमधून लाटून पातळ करतात, आपण पोळी लाटतो तसं. याला कॅलेंडर्ड फिल्म म्हणतात. ती स्वस्त असते, पण लाटताना बसलेला ताण तिच्यात शिल्लक राहतो आणि ऊन लागलं की ती आकसते. दुसऱ्या प्रकारात पातळ द्रव पसरून तो भट्टीत सुकवतात, घावन घालतो तसं. ही कास्ट फिल्म. ती साधारण ५० मायक्रॉन जाडीची, महाग, पण वळणांवर नीट बसते. सपाट पट्टीला पहिली चालते. गोलाई असेल तर दुसरीच घ्यावी.

माझं कुठे चुकलं?

पहिली चूक पुसण्याची. करोनाच्या काळात शाळेत आलेलं सॅनिटायझर शिल्लक होतं, त्यानेच पट्टी पुसली. पण हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन घालतात. अल्कोहोल उडून गेलं आणि ग्लिसरीनचा थर मागे राहिला. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्येही बहुधा सिलिकॉन असतं, त्यावर काहीच धरत नाही.

दुसरी चूक ताणण्याची. सुरकुती दिसली की मी फिल्म ओढत होते. ओढलेलं विनाइल आपली मूळ लांबी विसरत नाही. ऊब मिळाली की ते परत जायला बघतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. मग काय, सगळ्या कडा निघाल्या.

तिसरी चूक म्हणजे फिल्म पट्टीच्या कडेबरोबर कापली. मागे वळवायला काहीच ठेवलं नाही, त्यामुळे नख लागलं की सुटायला तिला जागा मिळाली.

आता योग्य कृती

*साहित्य :* विनाइल फिल्म, नवीन पातं घातलेला कटर, मोजपट्टी, मास्किंग टेप, जुनं एटीएम कार्ड व त्यावर गुंडाळायला मऊ कापड, हेअर ड्रायर किंवा हीट गन, साबणाचं पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड.

१. पट्टी काढा. बहुतेक पट्ट्या क्लिपांवर बसवलेल्या असतात. भोवती मास्किंग टेप लावा आणि प्लॅस्टिकच्या चपट्या साधनाने अलगद उचला. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने नवे ओरखडे पडतात. पट्टी निघतच नसेल तर जबरदस्ती करू नका.

२. स्वच्छ करा. आधी साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा, मग अल्कोहोलने पुसा. खोल ओरखडा बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करा. फिल्म रंग झाकते, खड्डा झाकत नाही. खरखरीत, दाणेदार प्लॅस्टिकवर फिल्म फक्त दाण्यांच्या टोकांना टेकते, म्हणून तिथे पकड कमीच मिळते.

३. मोजा आणि कापा. माझ्या डॅशबोर्डची पट्टी ४२ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद, म्हणजे क्षेत्रफळ २५२ चौ. सेंमी. चारही बाजूंनी अडीच सेंमी जास्त धरलं की तुकडा ४७ गुणिले ११, म्हणजे ५१७ चौ. सेंमी. दुपटीहून जास्त! 'थोडंसंच वाढवायचं' म्हणताना क्षेत्रफळ किती वाढतं, हे मुलांना इथे फार छान दाखवता येतं.

४. मधून सुरुवात करा. सावलीत, २० ते ३० अंश तापमानात काम करा. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी लवकरच उरकायला हवं. पाठीमागचा कागद काढून फिल्म सैल ठेवा आणि मधून कडेकडे कार्डाने दाबत जा. हा चिकट थर दाबाने धरतो, म्हणून दाब महत्त्वाचा. सुरकुती आली तर तेवढा भाग उचला, किंचित ऊब द्या, फिल्म आपोआप सपाट होते. मग पुन्हा टेकवा.

५. कोपरे. वहीला कव्हर घालताना कोपऱ्यावर तिरका काप देतो, अगदी तसाच काप द्या. कडा किमान एक सेंमी मागे वळवा.

६. शेवटची ऊब. हा टप्पा मी गाळला होता. वळवलेल्या कडा आणि गोलाया पुन्हा गरम करून दाबायच्या असतात. बऱ्याच कास्ट फिल्मना इथे ९० अंशांच्या पुढे तापमान लागतं, नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. यामुळे आतला ताण मोडतो आणि फिल्म नवा आकार धरते. हीट गन एका जागी धरू नका, खालचं प्लॅस्टिक वितळेल. शाळेतली थर्मल गन इथे कामाची नाही, ती बहुधा अंगाच्या तापापुरतीच मोजते.

७. एक दिवस थांबा. पकड पक्की व्हायला २४ तास तरी लागतात. मग पट्टी जागेवर बसवा.

पालकांनी हे विसरू नये

एअरबॅगच्या झाकणावर फिल्म कधीही लावू नका. स्टेअरिंगचा मधला भाग, डावीकडच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड, 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' लिहिलेली कुठलीही जागा सोडून द्या. अपघातात ते झाकण क्षणार्धात ठरलेल्या रेषेवर फाटावं लागतं, वर फिल्म ताणलेली असेल तर अडथळा होऊ शकतो. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना चालकाशेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे ही जागा अनेक गाड्यांत असणारच. पट्टी काढताना पिवळ्या रंगाचं वायरचं कनेक्शन दिसलं तर ते सहसा एअरबॅगचं असतं, त्याला हात लावू नका.

आतली पट्टी बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पण बाहेरून अख्ख्या गाडीचा रंग बदलला तर नोंदणी पुस्तकातला रंग जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आपल्या एमएच-२५ वाल्यांना परिवहन कार्यालयात जाऊन नोंद करावी लागेल. काचांचा नियमही वेगळा आहे : पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

उरलेले तुकडे चुलीत किंवा कचऱ्यात जाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू निघतात. गरम करायचं आणि कापायचं काम मोठ्यांनीच करावं.

वर्गात काय घेता येईल?

गाडी नसली तरी चालतं. एका स्टीलच्या ताटाचा अर्धा भाग तेलाच्या बोटाने पुसा आणि दोन्हीकडे पाण्याचे थेंब टाका. स्वच्छ भागात थेंब पसरतो, तेलकट भागात गोळा होऊन बसतो. मग ताट कोरडं करून दोन्हीकडे चिकटपट्टी लावा आणि ओढून बघा. चिकटण्याआधी पृष्ठभाग नीट 'भिजावा' लागतो, हे मुलांना सांगावं लागत नाही, दिसतं. हीच चिकटपट्टी गुळगुळीत फरशीवर आणि खरखरीत भिंतीवर लावून पाहा. तिसरी ते सातवी, सगळ्यांना जमतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी काढलेल्या पट्ट्या शाळेच्या ओट्यावर मांडल्या. तो मुलगा शेजारी बसून सांगत होता, हीट गन माझ्या हातात होती, बाकीची मुलं मापं लिहून घेत होती. त्या पट्ट्यांनी पुढचा उन्हाळाही काढला. फक्त मागच्या दाराचा एक कोपरा किंचित उचलला आहे. तिथे कड मागे वळवायला जागाच नव्हती.

एक चूक मात्र फिल्मची नव्हती. प्रथम सत्रात कार्यानुभवाला मी याच मुलाला क-१ श्रेणी दिली होती, कारण त्याने प्रकल्पाची वही दिली नव्हती. जो रोज संध्याकाळी दुकानात अक्षरं कापतो, अंतर मोजतो, बुडबुडा न येता फिल्म बसवतो, त्याच्या हातांकडे मी पाहिलंच नव्हतं. द्वितीय सत्रात त्याची श्रेणी बदलली आणि वर्णनात्मक नोंदीत लिहिलं : 'मापन व हस्तकौशल्य उत्तम, इतरांना कृती समजावून सांगतो.' त्याच्या आईने ती नोंद दोनदा वाचून घेतली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. असे कारागीर शोधायला आपल्याला लांब जायला नको. हजेरीपट घ्या आणि प्रत्येक नावासमोर घरचं काम लिहून काढा. सुतार, शिलाई, रेडियम, पंक्चर, दूध डेअरी... आपल्या पुढच्या कितीतरी पाठांचे जाणकार त्याच यादीत सापडतील.

तुमच्या वर्गात असं काही घेतलं असेल तर जरूर कळवा.