तीनचाकी बाबागाडी : घेताना आणि विकताना

बाबागाडी ही एके काळी बंगलेवाल्यांची वस्तू समजली जात असे. आता ती मोहल्ल्यातल्या दुकानांत सायकली, पाळणे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या यांच्या शेजारी टांगलेली दिसते. यात आखाताचा वाटा मोठा आहे. रत्नागिरी-रायगडकडची मंडळी सुट्टीवर येताना दुबई-मस्कतहून घडीची गाडी आणतात, ती शादीच्या घरी चार जण बघतात आणि पुढच्या आठवड्यात दुकानदाराला विचारणा होते, "भाई, तीन चाकांची, लहान घडी होणारी आहे का?" दुकानदार पेटी काढतो, पेटीवरचे चित्र दाखवतो आणि सौदा होतो. मूल बसवून गाडी बाजारात नेल्यावर काय होते, हे मात्र ना घेणाऱ्याने तपासलेले असते ना विकणाऱ्याने. म्हणून हा लेख दोघांसाठी लिहीत आहोत, आणि सायकल-दुरुस्ती करणाऱ्या कारागीर बंधूंसाठीही, कारण बिघडलेली गाडी शेवटी त्यांच्याच ओट्यावर येते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. गर्दीच्या बाजारात आणि अरुंद गल्लीत लहान तीनचाकी गाडी चारचाकीपेक्षा सोयीची आहे. एका हाताने वळते, दाराच्या चौकटीतून पुढचे चाक आधी शिरते, उंबरठ्यावर पुढचा भाग उचलणे सोपे जाते. पण तिचा तोल चारचाकीसारखा नसतो. घेताना रंग, छत्री, पाण्याच्या बाटलीचा कप्पा यांच्याआधी दोन गोष्टी बघाव्यात : मुलाचे वजन कुठे पडते आणि घडीचा सांधा कसा आहे.

तोलाची गोष्ट रिक्षावाल्या बंधूंना सांगायला नको. तीन चाकांच्या वाहनाचा पाया त्रिकोणी असतो. मागे रुंद, पुढे निमुळता. रिक्षात उतारूंची सीट मागच्या चाकांजवळ असते म्हणून ती वळणावर टिकते. ड्रायव्हरच्या शेजारी पुढे कुणाला बसवले की तीच रिक्षा वळणावर कलायला लागते. बाबागाडीचे गणित हेच आहे. समजा, मागची दोन चाके एकमेकांपासून ५६ सेंटिमीटर अंतरावर आहेत. मागच्या आणि पुढच्या चाकांच्या बरोबर मध्यावर पायाची रुंदी उरते फक्त २८ सेंटिमीटर. मुलाचे वजन मागच्या आसाच्या बाजूला सरकवून एक तृतीयांश अंतरावर आणले तर तीच रुंदी ३७ सेंटिमीटरच्या आसपास जाते. चारचाकीत ती सगळीकडे सारखीच मिळते. म्हणून तीनचाकी गाडी बाजूने उभी राहून बघावी. बैठक मागच्या चाकांकडे असेल तर चांगली. बैठक पुढे लोंबकळत असेल आणि मागची चाकेही जवळजवळ असतील, तर घडी कितीही लहान होत असली तरी ती गाडी आम्ही घेणार नाही. लहान घडीच्या नादात काही कारखानदार मागची चाके आत ओढतात, आणि तीच खरी अडचण आहे.

दुकानात याची परीक्षा सहज होते. दहा किलो तांदळाची पिशवी बैठकीत ठेवावी, पट्टे लावावेत आणि दांड्याला धरून गाडी झटकन डावीकडे-उजवीकडे वळवावी. वर्षाच्या मुलाचे वजन साधारण तेवढेच असते. आतले मागचे चाक जमिनीवरून उचलले जात असेल तर पुढे बोलणे नाही. मग ब्रेक लावून गाडी दुकानाच्या उतारावर उभी करावी. सरकली तर तीही बाजूला. एका पायाने दाबल्यावर दोन्ही मागची चाके एकदम अडकणारा ब्रेक असावा. जो दुकानदार ही परीक्षा आपणहून करून दाखवतो, त्याला गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस कमी करावी लागते असे आम्ही पाहिले आहे.

मागे उलटण्याचा प्रकार वेगळा. भाजीची, गोश्ताची पिशवी दांड्याला अडकवायची सवय सगळ्यांनाच असते. मूल बसलेले असेपर्यंत गाडी कशीबशी उभी राहते. मुलाला कडेवर घेतले की पिशवीच्या वजनाने गाडी मागे आडवी होते. हलक्या गाडीत तर मूल बसलेले असतानाही होते. सामान बैठकीखालच्या जाळीत ठेवावे, तेही त्यावर लिहिलेल्या वजनापर्यंतच.

आता चाके. तीनचाकी बाबागाडी नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये निघालेल्या ढकलगाड्यांपैकी अनेक तीनचाकीच होत्या. आजच्या धाटणीची गाडी मात्र सायकलीच्या चाकांतून जन्मली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेचलर नावाच्या वृत्तपत्रात काम करणाऱ्या गृहस्थाने १९८४ मध्ये, मुलाला घेऊन धावायला जाता यावे म्हणून, बाबागाडीला सायकलीची चाके जोडली आणि त्यातून 'बेबी जॉगर' हा धंदा उभा राहिला. सायकल-कारागिरांनी हे ध्यानात ठेवावे. हा माल त्यांच्याच हुन्नराचा आहे.

पण धावण्याची गाडी आणि बाजाराची लहान गाडी यांत फरक आहे. धावण्याच्या गाडीला मोठी, हवेची चाके असतात आणि पुढचे चाक सरळ रेषेत पक्के करता येते. लहान गाडीचे पुढचे चाक छोटे आणि सगळीकडे फिरणारे असते. वेग वाढला की ते थरथरते आणि एकदम आडवे होऊ शकते. दोन्ही तीनचाकीच दिसतात, म्हणून लहान गाडी 'जॉगर' म्हणून विकली जाते. ते चूक आहे. धावण्याच्या गाडीतसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेऊन धावू नये, काही कंपन्या तर आठ महिने सांगतात. तान्ह्या बाळाला मान सावरेपर्यंत पाठ जवळजवळ आडवी होणारी बैठकच हवी; फक्त बसवता येणारी गाडी त्याच्यासाठी नाही, मग पेटीवर काहीही छापलेले असो.

आपल्याकडच्या रस्त्यांवर पुढच्या एकट्या चाकाला आणखी एक शत्रू आहे : गटाराची जाळी. अरुंद चाक जाळीच्या फटीत नेमके बसते, गाडी जागच्या जागी थांबते आणि मूल पुढे फेकले जाते. पुढे एकाच आसावर जुळी चाके असलेल्या गाड्याही मिळतात. पेव्हर ब्लॉक आणि जाळ्यांच्या भागात राहणाऱ्यांनी त्या बघाव्यात, किंवा पुढचे चाक निदान रुंद घ्यावे. पट्टा पाच ठिकाणी बांधला जाणारा हवा : दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधून. नुसता कमरपट्टा असल्या धक्क्याला पुरत नाही.

चाकाच्या जातीबद्दल थोडक्यात. कडक प्लॅस्टिकचे चाक खडबडीत रस्त्यावर मुलाची हाडे खिळखिळी करते. फोमचे चाक पंक्चर होत नाही. लहान गाडीला तेच बरे. हवेचे चाक सर्वांत मऊ चालते, पण ट्यूब मिळाली पाहिजे. बारा इंची टायरवर बहुधा ६२-२०३ किंवा ५७-२०३ असा आकडा असतो. त्यातला २०३ म्हणजे रिमच्या बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि मुलांच्या बारा इंची सायकलीला तोच माप लागतो. म्हणजे आखातातून आलेल्या गाडीची ट्यूब सायकलच्या दुकानात मिळू शकते. तोंड मात्र बघून घ्यावे, कारण बाबागाडीला बहुधा मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो.

घडीचा इतिहास मनोरंजक आहे. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधले विमानांचे इंजिनिअर. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या दुमडणाऱ्या चाकांच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तेव्हा अवजड बाबागाडीने तिचे झालेले हाल त्यांनी पाहिले आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. वजन तीन किलोच्याही आत. आज जगभर जी घडीची गाडी विकली जाते तिचे मूळ तिथे आहे.

आणि त्याच नावाच्या कंपनीला नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यावर लावायची आवरणे फुकट वाटावी लागली. गाडी उघडताना मुलाचे बोट सांध्यात सापडून बोटाचे टोक तुटल्याचे १२ प्रकार तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाकडे नोंदले गेले होते. त्या गाड्या चारचाकी होत्या, पण सांध्याला चाकांची संख्या कळत नाही. दोन नळ्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात तिथे बोट जाईल अशी फट असेल, तर तिच्यावर आवरण हवेच. आणि आवरण असले तरी गाडी उघडताना-मिटताना मूल हात पोहोचणार नाही इतके दूर हवे. घरात आई दमलेली असते, मूल पायाशी घोटाळत असते, रिक्षावाला घाई करत असतो. बोटे सापडतात ती अशा वेळी. त्यामुळे हे वाक्य दुकानदाराने पावती फाडताना तोंडाने सांगावे.

घडीला दोन कुलुपे असावीत, म्हणजे एका चुकीच्या दाबाने गाडी मुलासकट मिटणार नाही. उघडल्यावर खट्ट असा आवाज यावा, आणि मग दांडा खाली दाबून खात्री करावी. घडीची मापे पेटीवरून घेऊ नयेत. टेप घेऊन जावे. पुढचे चाक बाहेर राहिल्याने तीनचाकीची घडी बहुधा लांबट होते, आणि विमानात हातातल्या सामानाचे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरचे माप तिला क्वचितच जमते. वजन सात ते दहा किलोपर्यंत जाते. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या चाळीत, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात ही गाडी घेऊन जो चढणार आहे, त्याने ती दुकानात उचलून बघावी. बहुतेक घरांत ती व्यक्ती मुलाची आई किंवा दादी असते, आणि खरेदीला मात्र अब्बाच एकटे येतात.

आता धंद्याची बाजू. मूल बसवायची गाडी खेळण्यांत मोडत नाही. आयात-निर्यातीच्या वर्गवारीत बाबागाडी ८७१५ मध्ये आहे, तर बाहुलीची गाडी आणि मुलांची तीनचाकी सायकल ९५०३ मध्ये, खेळण्यांसोबत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. बाहुलीच्या गाडीवरची ती खूण दाखवून बाबागाडी विकू नये. बाबागाडीवर युरोपचे ईएन १८८८ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ ८३३ हे मानक छापलेले आहे का ते बघावे. आयात मालाच्या पेटीवर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश असायलाच हवा. नसेल तर माल स्वस्त का मिळतो आहे, हे समजून घ्यावे.

हे केवळ सचोटीपुरते नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष मालाने इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे, आणि ती काही बाबतींत थेट विक्रेत्यावर येते : बनवणाराच कोण ते कळत नसेल तर, विक्रेत्याने मालात फेरफार केला आणि त्यातून इजा झाली तर, जोडणी, तपासणी किंवा देखभाल नीट केली नाही तर, कंपनीने दिलेल्या धोक्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवल्या नाहीत तर. तीनचाकी गाडी पेटीतून सुटी निघते, पुढचे चाक दुकानात बसवले जाते. म्हणजे ही जबाबदारी दुकानाच्या फळीवरच सुरू होते.

पुढच्या चाकाचे प्रकरण अमेरिकेत गाजले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या आयोगाने ब्रिटॅक्स कंपनीवर, तिच्या 'बॉब' या तीनचाकी गाड्यांबद्दल कारवाई सुरू केली. पुढचे चाक झटपट काढता यावे म्हणून बसवलेला खटका नीट आवळला गेला नाही तर चाक चालतानाच सुटते, अशी सुमारे २०० जणांची तक्रार होती. मुले आणि मोठी माणसे जखमी झाली होती. कंपनीचे म्हणणे, दोष मालात नाही, वापरात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि कंपनीने मालकांना खटका कसा लावावा याची माहिती आणि बदली भाग देण्याचे कबूल केले. आमच्या कारागिरांना हा खटका महागड्या सायकलींवरून ठाऊक आहे. तो नटासारखा फिरवून घट्ट करायचा नसतो; मिटताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. सहज मिटला तर समोरचा नट थोडा आवळून पुन्हा मिटावा.

दुरुस्तीत काय करावे आणि काय करू नये, हेही सांगतो. ट्यूब, टायर, बेअरिंग, ब्रेकची तार, फाटलेले छत, ही कामे खुशाल करावीत. तडकलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर साधी वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने शेजारची नळी मऊ पडते आणि पुढची तडक तिथेच येते. घडीच्या कुलपाऐवजी बोल्ट मारून देणे, पट्ट्याचे तुटलेले बक्कल शिवून टाकणे, हे तर नाहीच. बक्कल शिवले तर घाईच्या वेळी मूल सुटतच नाही.

चोर बाजारात आणि नातेवाइकांकडून जुनी गाडी घेणाऱ्यांनी पुढचे चाक उचलून हाताने हलवून बघावे. खटखट वाजले तर बेअरिंग किंवा आस गेला. मग सांधे, मग बक्कल, मग ब्रेक. ब्रेकचे दात झिजलेले असतील आणि तो भाग इथे मिळत नसेल, तर फुकट मिळाली तरी ती गाडी भंगारवाल्याकडे जाऊ द्यावी. आणि दुकानदार बंधूंनी नव्या मालाचा सौदा ठरवताना घाऊक व्यापाऱ्याला एकच प्रश्न आधी विचारावा : पुढचे चाक, बक्कल आणि ब्रेकचा संच सुटा मिळतो का? डझनामागे निदान एक संच सोबत दिल्याशिवाय माल उचलू नये.